कार्ड कापलं, खातं चालूच

प्रश्न : माझ्याकडे तीन क्रेडिट कार्डं आहेत. पहिलं अकरा वर्षांपूर्वीचं, त्याला वार्षिक फी नाही. दुसरं मॉलमध्ये गळ्यात मारलेलं. दोन वर्षांपूर्वी वापर थांबवून मी ते कात्रीने कापून टाकलं. आता त्यावर ४,३०० रुपये थकल्याचे वसुलीचे फोन येतात. तिसरं गाडीच्या कर्जाबरोबर आलं, ते सुरूच केलेलं नाही. चार महिन्यांनी गृहकर्जासाठी अर्ज करायचा आहे. तिन्ही बंद करून टाकू का? (एक वाचक, नाशिक)

ताई, तिन्ही नकोत. दुसरं आणि तिसरं बंद करा, पहिलं ठेवा.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण खरी डोकेदुखी तीच आहे. कात्री प्लास्टिकवर चालते, करारावर नाही. लेखी अर्ज गेला नाही तोवर खातं जिवंत, आणि फी लागत राहते. पण तुमची बाजूही लंगडी नाही. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांबाबतच्या निर्देशांनुसार वर्षभराहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया बँकेनेच सुरू करायची असते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर, थकबाकी नसल्यास, खातं बंद करायचं. तशी सूचना तुम्हाला कधी पाठवली होती, हे लेखी विचारा. जुन्या ईमेलवर किंवा जुन्या पत्त्यावर ती गेली नाही ना, हे आधी स्वतः तपासा.

दुसरा मुद्दा आकड्याचा. समजा फी १,००० रुपये आणि जीएसटी १८० होता. मग त्याचे ४,३०० कसे झाले? न भरलेली फी, दंड आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारायला याच निर्देशांत मनाई आहे. पहिल्या फीपासूनची सगळी स्टेटमेंट्स मागवा आणि व्याजाची प्रत्येक ओळ तपासा. फोनवरच्या वसुलीवाल्याशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं.

अडचण अशी की खातं बंद करण्याचा हक्क थकबाकी शून्य झाल्यावरच पूर्ण मिळतो. वकील म्हणून मला भांडायला आवडतं, पण गृहकर्ज दाराशी असताना चार हजारांसाठी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, थकीतचा शिक्का घेऊ नये. आठ-दहा दिवसांत हिशेब मिळाला नाही, तर ‘आकारणी मान्य नाही, परताव्याचा हक्क राखून भरणा करत आहे’ असा ईमेल पाठवून रक्कम भरा आणि त्याच ईमेलमध्ये खातं बंद करण्याची मागणी करा. ‘अर्ज पोस्टानेच पाठवा’ असा आग्रह बँकेला धरता येत नाही. कामकाजाच्या सात दिवसांत खातं बंद झालं नाही, तर बाकी शून्य असल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा; फी नाही, वकीलही लागत नाही.

पैसे भरण्याआधी त्या कार्डावर विमा, ओटीटी असं काही आपोआप कापलं जात असेल तर ते थांबवा. नाहीतर शून्य झालेली बाकी पुन्हा वर येते.

तिसऱ्याचं काम सोपं. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत सुरू केलं नाही, तर बँकेने ओटीपीने संमती घ्यायची असते; ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत विनाशुल्क खातं बंद करायचं. म्हणजे ते बंदच असायला हवं. खात्री करायला सिबिलचा वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल काढा. त्यात ते चालू दिसलं तर बँकेला लेखी कळवा, आणि असा ओटीपी आला तर चुकूनही कुणाला सांगू नका.

पहिलं का ठेवायचं? परतफेडीचा सर्वात जुना चांगला इतिहास त्यावर आहे. शिवाय कार्डांवरची उधारीची सगळी मर्यादा एकदम काढून टाकली, तर उरलेल्या मर्यादेच्या मानाने तुमचा वापर जास्त दिसतो. महिन्याचं वीजबिल त्यावर भरा, म्हणजे वर्षभर न वापरल्याची नोटीस येणार नाही, आणि पूर्ण बिल मुदतीत चुकतं करा.

दुसरं कार्ड बंद झाल्याचा ईमेल आणि ‘येणे बाकी नाही’ असं पत्र जपून ठेवा. बँकेने ही नोंद ३० दिवसांत सिबिलकडे कळवायची असते. ती उमटल्याचं अहवालात दिसलं की मगच गृहकर्जाचा अर्ज टाका.