संशोधनाचे गोपनीय ईमेल आतल्याच माणसाने बाहेर दिले तर काय होतं?

रबाळ्याच्या लॅबमधला सहकारी प्रयोगांचे ईमेल स्वतःच्या जीमेलवर पाठवतोय असा तुमचा संशय आहे. खरं निघालं तर नोकरी जाईलच, ते सांगायला नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय डेटा कॉपी करण्याबद्दल आहे. त्यात अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कंपनीला खरा फटका पेटंटचा. अर्जाआधीच माहिती जाहीर झाली की नावीन्य गेलं, आणि शोध नवा नसेल तर पेटंट मिळत नाही. संमतीशिवाय प्रसिद्ध झालेल्या माहितीपुरती पेटंट कायद्याच्या कलम २९ मध्ये सवलत आहे, पण कळल्यावर शक्य तितक्या लवकर अर्ज करावा लागतो. (आमच्याकडे वकिलाला फोन करायलाच आठवडा गेला होता!)

मात्र नाव घ्यायची घाई नको. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान संशोधकांचे हजारावर ईमेल फुटले, तेव्हा ‘आतलाच कोणीतरी’ असं अनेकांनी ठरवूनही टाकलं. २०१२ मध्ये पोलिसांनी सांगितलं, हल्ला बाहेरून झाला होता. आरोपी शेवटपर्यंत सापडला नाही. तेव्हा आधी आयटीवाल्यांना सर्व्हरचे लॉग (कोणी कधी काय केलं याच्या नोंदी) जपून ठेवायला सांगा, आणि कँटीनमध्ये अवाक्षर काढू नका.