आधी यादी माग, मग बोल

बाबू,

तुझा मेसेज वाचला. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईच्या पैशात घोळ आहे, गावाच्या ग्रुपवर टाकू का म्हणतोस. आत्ता नको टाकू. "तलाठी खाऊन रायला" असं लिहिलं की दहा जण अंगठा दाखवतात, तलाठी फोन उचलणं बंद करतो आणि ज्याचं नाव सुटलं त्याचं सुटलेलंच राहते.

पहिले भरपाईच्या लाभार्थ्यांची यादी हातात घे. नाव, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र आणि रक्कम, एवढे रकाने त्यात असले पाह्यजे. मग एकेक ओळ सातबाऱ्याशी लावून पाह्य, ई-पीक पाहणीत (मोबाइलवरची पिकाची सरकारी नोंद) काय नोंदवलंय तेही पाह्य. आपत्ती निधीचा २०२२-२६ साठीचा केंद्राचा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, आणि तेही ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तरच. म्हणजे सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर कोरडवाहू कापूस असेल तर ६,८०० बसतात, आणि यादीत त्याच माणसापुढे १५,३०० दिसले तर कुणीतरी ०.८०चं १.८० करून टाकलंय, हे सांगायला सीए लागत नाही. तुमच्या काटोलकडं तर पिकाचा रकाना जास्त बारकाईने वाच, कारण कपाशीच्या जागी संत्रा लिहिला की कोरडवाहूचा दर अडीच पटीच्या वर जाते. फक्त राज्य सरकार मधेच दर नि हेक्टरची मर्यादा बदलते, २०२४ मध्ये वाढवले होते, म्हणून त्या नुकसानीचा जीआर (शासन निर्णय) आधी डाउनलोड कर, नाहीतर तूच चुकीचा हिशोब घेऊन भांडत बसशील.

यादी देत नाहीत? माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ वाच. अनुदानाचे लाभार्थी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असं त्यात लिहिलंय, मागायची वेळच यायला नको. (आपल्याकडं येते.) मग तहसीलमधल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज दे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, विषय एकच ठेव आणि दीडशे शब्दांच्या आत लिही, महाराष्ट्रात तसा नियमच आहे, लोक पानभर गाऱ्हाणं लिहितात आणि अर्ज अडकते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील तिथंच वरच्या अधिकाऱ्याकडं, पुढं माहिती आयोगाचं खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे. तिथं वेळ लागते, खोटं कशाला सांगू.

म्हणून माझं मत विचारशील तर पैसे पडायच्या आधीच यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागली पाह्यजे, त्यासाठी भांड. ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लाव. कुणाच्या वावरात पाणी साचलं होतं नि कोण नागपुरात फ्लॅट घेऊन बसलाय हे म्हाताऱ्या बाया तलाठ्यापेक्षा पक्कं सांगतात. एकदा का पैसे खात्यात गेले की वसुलीच्या नोटिसा निघतात आणि त्यात गरीबच भरडला जाते.

आणि हो, यादीचा फोटो फिरवशील तर आधार नि खाते नंबर झाकून. ज्यांचे पैसे केवायसीपायी अडकले त्यांना आधी सेतू केंद्रात ने, ते काम लवकर होते, भ्रष्टाचाराचं नंतर पाहू. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं येतात, तिघंही एकाच माळेचे नसतात, जो नीट बोलतो त्याच्याशी चहा पी.

अर्ज लिहिला की मला पाठव, दीडशे शब्द मी मोजून देतो.