गोठ्यातल्या बल्बवरचा वीतभर पतंग आणि काजूवरची सोनेरी जाळी : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

पाऊस लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतून मोठ्या पतंगांचे फोटो यायला लागतात. सोबत प्रश्न जवळपास तोच असतो, "साहेब, हे काय आहे आणि फवारणी कशाची घेऊ?" यावेळी आलेले प्रश्न एकाच कुळातल्या कीटकांचे असल्यामुळे उत्तरं एकत्र देतो. हे कुळ मोठ्या रेशीम पतंगांचं, शास्त्रीय नाव सॅटर्निडी. जगात याच्या सुमारे २३०० जाती आहेत. त्यातल्या काही आपल्या सह्याद्रीच्या रानात राहतात, काही रेशीम देतात, आणि आपल्या भागात एक काजूची पानं खाते. त्यामुळे औषधाच्या दुकानात जाण्याआधी आपल्यासमोर यातलं नेमकं कोण आहे ते ओळखणं महत्त्वाचं.

गगनबावड्याच्या एका भाऊंनी लिहिलंय, "गोठ्याच्या बल्बवर वीतभर रुंदीचा तांबूस पतंग आलाय. पंखाच्या टोकाला नागाचं तोंड दिसतंय. घरची मंडळी मारा म्हणतात. विषारी आहे का, आणि शेजारच्या भाताला धोका आहे का?"

दोन्हीचं उत्तर नाही. हा ॲटलास पतंग. सह्याद्री आणि श्रीलंकेतल्या जातीला ॲटॅकस टॅप्रोबॅनिस म्हणतात. जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांत याच्या कुळाची गणना होते, पंख पसरले की २४-२५ सेंटीमीटरपर्यंत भरतात. पुढच्या पंखाच्या टोकाला डोळ्यासारखा काळा ठिपका आणि त्याखाली वाकडी रेघ असते, त्यातून नागाचं तोंड दिसतं. पक्षी किंवा सरडा जवळ आला की हा पतंग जमिनीवर पडून पंख संथ हलवत राहतो आणि समोरचा बिचकतो. एवढंच त्याचं शस्त्र. चावायला त्याला तोंडच नाही, नांगी नाही, अंगात विष नाही.

तोंड नाही हे शब्दशः घ्या. या कुळातले प्रौढ पतंग काहीच खात नाहीत. अळी असताना अंगात साठवलेल्या चरबीवर आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतात. तेवढ्यात मादीनं गंध सोडायचा, नरानं तो लांबून ओळखून तिच्यापर्यंत पोचायचं, अंडी घालायची आणि संपायचं. पतंग नीट दिसेल असा बसला असेल तर त्याच्या मिशा बघा. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या असतात. मादीचा गंध त्यांनीच टिपला जातो. मादीच्या मिशा अरुंद आणि पोट जड, अंड्यांनी भरलेलं. प्रत्येक पंखात एक तिकोनी, काचेसारखं आरपार दिसणारं ठिगळ असतं, तिथं पंखावरचे खवले नसतात. बोटानं धरलं की बाकीच्या पंखावरचे खवलेही भुकटी होऊन गळतात, म्हणून हात लावू नका.

अळ्या मात्र खातात, पण दालचिनी, पेरू, लिंबूवर्गीय झाडं आणि रानातल्या अनेक वृक्षांची पानं. भात, ऊस, भुईमूग, सोयाबीनकडे त्या फिरकत नाहीत. फिकट हिरवी, अंगावर पांढरी पावडर आणि मऊ काटे असलेली बोटाएवढी जाड अळी परसातल्या पेरूवर एखाद-दुसरी दिसली तर राहू द्या. चार फांद्यांची पानं गेली तरी झाडाला काही होत नाही. भाताच्या खोडकिडीचा पतंग नखाएवढा असतो आणि त्याची अळी पोंगे मर करते, म्हणजे मधला कोंब वाळवते. २०१८ पासून मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा पतंगही लहानसाच. आपल्याकडचं नुकसान बहुतेक अशा लहान पतंगांच्या अळ्यांनी होतं. फवारणीचा खर्च तिकडे ठेवा.

आता बल्बचं. डोंगराकडेच्या घराचा पांढराशुभ्र दिवा रात्रभर जळत राहिला की हे पतंग रानातून ओढले जातात, मिलनाचं काम अर्धवट राहतं, आणि पहाटे कावळे, कोंबड्या, मांजरं त्यांना उचलतात. भिंतीवर घातलेल्या अंड्यांतून अळी निघाली तरी खायला पान नाही, ती मरते. गोठ्यात धार काढायला उजेड लागतोच, पण बाकी रात्र दिवा बंद ठेवा किंवा पिवळसर बल्ब लावा. सकाळी पतंग भिंतीला चिकटलेला दिसला तर पुठ्ठा त्याच्या पायाखाली हळूच सरकवा आणि जवळच्या झाडाच्या सावलीत बसवा. संध्याकाळी तो आपला आपण जाईल. काही जणांनी "हा लाखाला जातो म्हणे, गिऱ्हाईक आहे का?" असंही विचारलंय. कुणी तसं सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका, आणि अभयारण्याच्या हद्दीतून कुठलाही जीव उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे.

राधानगरीकडच्या एका ताईंनी पोपटी रंगाच्या, मागच्या पंखांना लांब शेपट्या असलेल्या पतंगाचा फोटो पाठवलाय आणि फक्त नाव विचारलंय. ताई, हा चंद्रपतंग, ॲक्टियास सेलेने. याची अळी मोई म्हणजे शेमटीसारख्या रानझाडांवर वाढते. पिकाशी याचा संबंध नाही. तुम्ही विचारलं नाहीत तरी शेपट्यांबद्दल सांगावंसं वाटतं. उडताना या शेपट्या गरगर फिरतात. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधतं, आणि फिरत्या शेपटीचा प्रतिध्वनी त्याला फसवतो. ते शेपटीवर झडप घालतं, पतंगाचं अंग वाचतं. अमेरिकेतल्या याच कुळातल्या लूना पतंगावर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात शेपट्या काढलेले पतंग वटवाघळांना कितीतरी जास्त सापडले. तुमच्या फोटोतल्या पतंगाची एक शेपटी तुटलेली आहे, ती बहुधा अशीच गेली असावी.

चंदगडचा प्रश्न मात्र गंभीर आहे. तिथल्या काजू बागायतदारांनी लिहिलंय, "काजूच्या दोन झाडांना पानच राहिलं नाही. काळ्या-तांबड्या केसाळ अळ्या झुंडीनं होत्या. आता फांद्यांना सोन्यासारखी पिवळी जाळी चिकटलीय. हे रेशीम आहे का, आणि बाकीची बाग कशी वाचवू?"

हीसुद्धा याच कुळातली, क्रिक्युला ट्रायफेनेस्ट्रेटा. काजू आणि आंबा ही तिची आवडती झाडं. तिच्या नावातच तीन खिडक्या आहेत : तांबूस-तपकिरी मादीच्या पुढच्या पंखावर तीन आरपार ठिपके दिसतात. ॲटलासपेक्षा हा पतंग बराच लहान. पण याच्या अळ्या एकट्या राहत नाहीत, घोळक्यानं खातात, एक फांदी संपली की दुसरीवर जातात, म्हणून एखादं झाड बघता बघता उघडं पडतं. कोषही एकमेकांना चिकटून घोसानं करतात. हातमोजे घालून कोष उजेडासमोर धरला तर त्याला जाळीसारखी भोकं दिसतात आणि आतला कोशित हलताना दिसतो. इंडोनेशियात या सोनेरी कोषांपासून धागा आणि शोभेच्या वस्तू बनवतात. आपल्याकडे त्याची खरेदी कोणी करत नाही, तेव्हा रेशमाच्या आशेवर ते झाडावर ठेवू नका. त्यातून पतंग निघाले की पुढची पिढी शेजारच्या झाडांवर जाईल.

आधी हाताने काम करा, याला पर्याय नाही. अळ्या घोळक्यानं असतात हेच आपल्या फायद्याचं आहे. लहान असताना त्या एकाच पानाच्या आसपास गोळा झालेल्या असतात. ती डहाळीच कापून साबणाच्या पाण्यात बुडवली की शंभरेक अळ्या एका फटक्यात जातात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल हवाच, कारण अंगावरचे केस टोचले की खाज सुटते आणि डोळ्यात गेले तर त्रास होतो. कोषांवरही हे केस असतात. मुलांना या कामाला लावू नका.

गोळा केलेले कोष लगेच जाळू नका. त्यातल्या काहींत परजीवी माश्या आणि बारीक गांधीलमाश्यांची पिल्लं वाढत असतात, आणि पुढच्या वेळी तुमच्या बागेचं फुकटात रक्षण त्याच करणार आहेत. कोष एका डब्यात किंवा खोक्यात ठेवून तोंडाला जाळी बांधा. जाळीची भोकं अशी की बारीक माशी बाहेर पडेल आणि पतंग आतच राहील. तीन-चार आठवड्यांनी जे उरेल ते नष्ट करा.

शेजारच्या झाडांवर अळ्या अजून लहान असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकूण १०० लिटर पाणी करायचं. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं. अळी बोटभर झाली की अर्काचा उपयोग कमी होतो, मग पुन्हा हातच. रासायनिक औषधाचा विचार अगदी शेवटी, आणि काजूसाठी लेबल क्लेम असलेलंच, म्हणजे लेबलवर काजूचं नाव छापलेलंच औषध घ्या. झाड मोहोरावर असेल तर मधमाश्या आणि इतर माश्यांची ये-जा चालू असते, तेव्हा फवारणी टाळा. फळधारणा त्यांच्यावर आहे. पूर्ण उघडी पडलेली झाडं तोडायची घाई करू नका. खोड आणि मुळं निरोगी असतील तर झाड पुन्हा पालवतं. बुंध्याला भोकं आणि भुसा दिसतोय का ते मात्र आवर्जून बघा, कारण खोड पोखरणारी अळी असेल तर तो वेगळा आणि जास्त धोक्याचा आजार आहे.

आजऱ्याहून विचारणा आहे की बांधावरच्या ऐनाला कडक, राखाडी, अंड्याच्या आकाराचे कोष लटकलेत. टसर (रानातलं रेशीम) म्हणतात ते हेच का, आणि आपल्याकडे हा धंदा होईल का?

वर्णन टसरशी जुळतं. अळी आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं घालते, त्यातून देठ सोडते आणि मग कोष विणते, म्हणून पान गळून पडलं तरी कोष फांदीला लटकत राहतो. ते कडं आणि देठ दिसत असेल तर खात्री धरा. एका बाजूला भोक पडलेलं असेल तर पतंग उडून गेलाय.

धंद्याबाबत माझं मत स्पष्ट आहे : आपल्या जिल्ह्यात एकट्या शेतकऱ्यानं टसरच्या मागे लागू नये. महाराष्ट्रात टसर होतं ते पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर. तिथं पिढ्यान् पिढ्यांची माहिती असलेली माणसं आहेत, अंडीपुंज मिळतात, कोष घेणारे आहेत. टसरची अळी घरात वाढत नाही, उघड्या झाडावर महिना-दीड महिना असते. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या, अळ्या खाणारे झाडावरचे ढेकूण या सगळ्यांपासून दिवसभर राखण करावी लागते. आपल्याकडच्या न थांबणाऱ्या पावसात ते आणखी अवघड. बांधावरचे ऐन मात्र तोडू नका. त्यावर या जाती टिकतात, आणि लाकूड, पालापाचोळा, सावली हे तुमचं आहेच.

एरी रेशमाबद्दलही दोघांनी विचारलंय. एरंडाच्या पाल्यावर घरात वाढणारी ही जात पाळायला सोपी आहे. पण तिचा कोष एका टोकाला उघडा असतो, त्याचा सलग धागा निघत नाही, कापसासारखा कातावा लागतो. कातणारे आणि घेणारे आधी ठरले असतील तरच सुरुवात करा. मुगा तर आसामचाच, तिथल्या सोम आणि सोआलू झाडांवरचा. आपल्याकडे त्याचा प्रश्न येत नाही.

ज्यांना रेशीम खरंच करायचंय आणि पाण्याची सोय आहे, त्यांनी तुती बघावी. तुतीचा रेशीमकिडा बॉम्बिक्स मोरी या मोठ्या पतंगांच्या कुळातला नाही, शेजारच्या कुळातला आहे. जिल्हा रेशीम कार्यालयात नोंदणी, रोजगार हमी योजनेतून लागवडीचं साहाय्य आणि कर्नाटकातलं रामनगरम, आपल्याकडचं जालना अशा कोष बाजारपेठा अशी साखळी तिथं तयार आहे.

यावरूनच कागलच्या तुती उत्पादकांचा प्रश्न, की रानातले पतंग शेडमध्ये आले तर पिकावर संकर किंवा रोग होईल का? संकर होणार नाही, कुळंच वेगळी आहेत. रोगाची भीती मात्र रास्त आहे. पेब्रिन हा सूक्ष्मजीवानं होणारा रोग रानातल्या पतंगवर्गीय कीटकांतूनही येऊ शकतो, आणि एकदा तो अंड्यांतून पुढं गेला की बॅच वाचत नाही. म्हणून कुतूहलापोटी रानातले कोष, अळ्या, पतंग कीटक संगोपन गृहात आणू नका. मुलांनी आणले तर वेगळ्या खोलीत ठेवा आणि हात साबणानं धुऊनच शेडमध्ये जा. खिडक्यांना उझी माशीसाठी (ही रेशीमअळीवर अंडी घालते) जाळी असतेच, ती फाटलेली नाही ना ते बघा. तुतीच्या बागेतल्या पानांवर रानटी अळ्या दिसल्या तर ती पानं अळ्यांना घालू नका. शेजारच्या उसाला फवारणी होणार असेल तर आधी कळवायला सांगा. वाऱ्यानं आलेलं औषध पानावर बसलं तर रोगापेक्षा लवकर बॅच जाते.

शेवटचा प्रश्न भुदरगडच्या एका शाळेतल्या शिक्षकांचा : केसाळ अळी अंगाला लागून मुलाला पुरळ आलं, जिवाला धोका आहे का? दक्षिण अमेरिकेत याच कुळातली लोनोमिया नावाची अळी आहे, तिच्या काट्यांच्या विषानं रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ बऱ्याचदा तिचे असतात. ती आपल्या देशात नाही. आपल्याकडच्या केसाळ अळीनं खाज, पुरळ, जळजळ होते. चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे रुतलेले केस निघतील, मग साबण-पाण्यानं धुवा आणि थंड पाण्याची पट्टी ठेवा. डोळ्याला लागलं असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा सूज वाढत असेल तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

फोटो पाठवताना पतंगाचा पंख पसरलेला वरून एक, मिशांचा जवळून एक, आणि अळी असेल तर ती ज्या झाडावर आहे त्या झाडाच्या पानाचा एक, असे पाठवा. झाडाचं गावात चालणारं नाव लिहिलंत तरी चालेल. कणेरी आणि तळसंदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रांतही नमुना दाखवता येतो. तो प्लास्टिक पिशवीत न कोंडता, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोन ताज्या पानांसकट न्या.