वर्गात कमी बोल

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

ब्रिटिश कौन्सिल किंवा इंटरनॅशनल हाउससारख्या संस्थेत इंग्रजी शिकवायला जावं असं तुझ्या मनात आहे, आणि पत्रभर तू एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला आहेस: माझं इंग्रजी तेवढं चांगलं आहे का? इंग्रजीवर मेहनत घेत राहा, ती जन्मभर घ्यावीच लागते. पण नवा शिक्षक या वर्गांत अडखळतो तो बहुतेक वेळा इंग्रजी कमी पडतं म्हणून नव्हे. तो फार बोलतो म्हणून.

या संस्थांची शिकवण्याची रीत कुठून आली, ते थोडं समजून घे. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९५३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात एक लहानशी शाळा काढली. तीच पुढे इंटरनॅशनल हाउस झाली. १९६२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये शिक्षकांसाठी थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि आज केंब्रिजतर्फे चालणारा सेल्टा हा अभ्यासक्रम त्याच परंपरेतून आला. किमान १२० तासांच्या या अभ्यासक्रमात ६ तास तुला खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं असतं. मागे बसलेले प्रशिक्षक आणि सोबतचे प्रशिक्षणार्थी तुझा तास बघतात, टिपणं घेतात आणि नंतर समोरासमोर बोलतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही याच धर्तीचा आहे. घरबसल्या काही चाचण्या सोडवून मिळणारी स्वस्त प्रमाणपत्रं घेऊ नकोस. ज्यात कुणी तुला प्रत्यक्ष शिकवताना पाहिलेलंच नाही, त्या कागदाला चांगली संस्था फारशी किंमत देत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

आता कमी बोलायचं म्हणजे काय, ते सांगते. 'आय यूज्ड टू स्मोक' हे वाक्य शिकवायचं आहे असं धर. तुझा पहिला ओढा असेल तो नियम समजावून सांगण्याकडे, आणि मग 'समजलं का?' असं विचारण्याकडे. वर्ग मान डोलावेल. त्या होकारातून तुला काहीही कळणार नाही. त्याऐवजी छोटे प्रश्न विचार: हा माणूस आता सिगारेट ओढतो का? पूर्वी एकदाच ओढली होती की नेहमी ओढायचा? उत्तरं आली की अर्थ पोचला की नाही ते तुला दिसतं, आणि बोलणं विद्यार्थ्यांचं होतं. सूचनांचंही तेच. लांबलचक सांगण्यापेक्षा एका विद्यार्थ्याला सोबत घेऊन ती कृती करून दाखव, मगच कागद वाट. आधी वाटलेस तर सगळे वाचत बसतील आणि तुझं कुणी ऐकणार नाही.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं. ती शांतता तुला बोचेल, उत्तर स्वतःच देऊन टाकावंसं वाटेल. देऊ नकोस. समोरचा त्या वेळात शब्द जुळवत असतो. तो सलग बोलू लागला की चुका मध्येच पकडू नकोस. वहीत लिहून ठेव, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कुणाचंही नाव न घेता फळ्यावर मांडून वर्गाकडूनच दुरुस्त करून घे. अशी वही ठेवणाऱ्या शिक्षकाला पुढचा तास काय घ्यायचा हे पाठ्यपुस्तकाला विचारावं लागत नाही. मला विचारशील तर सगळ्या प्रशिक्षणातली सर्वांत मोलाची सवय हीच आहे.

मातृभाषा इंग्रजी नसल्याची खंत मनातून काढून टाक. टीसॉल या शिक्षक-संघटनेने १९९१ मध्येच अशा शिक्षकांना भरतीत डावलण्याविरुद्ध भूमिका जाहीर केली होती. भाषा किती येते हे सांगणाऱ्या ए-१ ते सी-२ या पातळ्या ज्या युरोपीय आराखड्यातून आल्या, त्याच्या २०२० च्या पूरक खंडात तर पातळ्यांच्या वर्णनांतले 'नेटिव्ह स्पीकर'चे उल्लेखही काढून टाकले आहेत. भेदभाव संपलेला नाही, जाहिरातींत तो अजून दिसतो, आणि तो अन्यायच आहे. पण आर्टिकल कुठे लावायचं, प्रेझेंट परफेक्ट कधी वापरायचा, याची झटापट तू स्वतः केली आहेस. विद्यार्थी नेमका कुठे अडला आहे हे तुला आतून कळतं. मुलाखतीत हे संकोच न करता सांग.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे वर्ग मिळाले तर एक जपावं लागेल. विद्यार्थी निबंधाची तयार वाक्यं मागतील, कारण त्यांचा परदेशातला प्रवेश किंवा व्हिसा त्या परीक्षेतल्या बँडवर, म्हणजे गुणांवर, अडलेला असतो. त्यांची घाई खरी आहे, तिला हसू नकोस, पण पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला ओळखू येतात. त्यांना स्वतःचं मत चार ओळींत मांडायला लाव, रोज. लहान मुलांचे वर्ग असतील तर बालसुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी वाच: मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, खासगी फोन नंबर द्यायचा नाही, परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत.

आणि करार. आठवड्याचे तास लिहिलेले असतात ते बहुधा फक्त वर्गातले. तयारी, वह्या तपासणं, बैठका यांचे पैसे मिळतात का, ते विचार. वर्ग संध्याकाळी आणि शनिवारी असतात का, सुट्टीतला पगार, आरोग्यविमा, व्हिसाचा आणि प्रवासाचा खर्च, मुदतीआधी सोडल्यास काय परत द्यावं लागेल, हे सगळं लेखी घे. कामाच्या परवान्याआधीच 'येऊन शिकवायला लाग, कागद नंतर करू' असं कुणी म्हणालं तर जाऊ नकोस. शिक्षकाच्या तासाला वरिष्ठ किती वेळा बसतात आणि प्रशिक्षणासाठी वेळ राखून ठेवतात का, हेही मुलाखतीतच विचार. दोन संस्थांमध्ये पगाराचा थोडाच फरक असेल तर जिथे तुझे तास बघितले जातात तिथे जा.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. आपण दोघं मिळून वाचू.

तुझी हितचिंतक