करडीचं तेल थेट टाकीत नको

भाऊ, घाण्यावरचं करडीचं तेल थेट डिझेलच्या टाकीत ओतायचा विचार आधी सोड. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, हे खरं. पण आजच्या कॉमन रेल गाडीचे इंजेक्टर, म्हणजे खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या तोट्या, फार नाजूक असतात आणि कच्चं तेल डिझेलपेक्षा कितीतरी पट घट्ट. त्यात करडीचं तेल हवेत वाळून चिकट थर धरतं, म्हणून तर ते रंग-वार्निशात घालतात. तोच थर पिस्टनच्या रिंगांवर बसला की इंजिन उघडावं लागतं. लातूर-परभणीकडे करडी मुबलक, म्हणून मोह होतो, मला कळतं.

त्यापेक्षा तेलापासून बायोडिझेल, म्हणजे डिझेलच्या जागी चालणारं पातळ इंधन, बनवायला शिक. तेलातलं पाणी आधी पूर्ण काढायचं, मग त्यात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा मिसळायचा. ग्लिसरीन तळाशी बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. धूर कमी होतो, गंधक जवळपास नसतंच. पण मिथेनॉल विषारी आहे, पेटही पटकन घेतं. स्वयंपाकघरात अजिबात नको. उघड्यावर, चुलीपासून लांब, हातमोजे घालूनच कर.

जुन्या गाडीत सुरुवातीला डिझेलमध्ये बायोडिझेल थोडंच मिसळ. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो, एक जादा फिल्टर गाडीत ठेव.