ख्रिस्ती कॉलेजच्या दिवंगत माजी विद्यार्थ्यांची स्मरणयादी पहिल्यांदाच करताय?

जबाबदारी घेतलीत, फार चांगलं केलंत. छोट्या कॉलेजात हे काम कुणीतरी मनावर घेतल्याशिवाय होत नाही. सुरुवातीला एकच सांभाळा: हयात माणसाचं नाव यादीत जाता कामा नये. ही चूक सर्रास होते, कारण व्हॉट्सॲपवरचा निरोप पुढे पाठवताना नामसाधर्म्य कुणी तपासत नाही. निधनाची खात्री दोन स्वतंत्र ठिकाणांहून करा. त्यातलं एक कुटुंब किंवा चर्चची दफननोंद असावी.

प्रत्येकासाठी एवढे रकाने पुरे:
- पूर्ण नाव. विवाहित स्त्रियांचं माहेरचंही, नाहीतर वर्गमित्रांना ओळख पटत नाही
- उत्तीर्ण वर्ष
- निधनाची तारीख (नुसतं वर्ष कळलं तर तेवढंच, अंदाज नको)
- माहिती कुणी दिली

मृत्यूचं कारण छापू नका. फोटोला घरच्यांची परवानगी आधी घ्या. सगळेच माजी विद्यार्थी ख्रिस्ती नसतात, म्हणून ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असं सरसकट लिहू नका.

प्रार्थनासभेत यादी वाचताना दर नावाला ६ सेकंद धरा, म्हणजे ५० नावांना ५ मिनिटं. उच्चार आदल्या दिवशीच विचारून ठेवा. स्मृतिग्रंथ, शिष्यवृत्ती वगैरे पुढच्या वर्षी बघू.