कोमेदियँ म्हणजे विनोदवीर?

प्रश्न असा आहे : मोलिएरची ओळख एका मराठी लेखात ‘फ्रेंच विनोदवीर आणि नाटककार’ अशी करून दिली आहे आणि मूळ फ्रेंच शब्द ‘कोमेदियँ’ आहे. हे भाषांतर बरोबर आहे का? आणि ‘कोमेदी फ्रांसेझ’ म्हणजे विनोदी नाटकांचं नाट्यगृह का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कोमेदियँ म्हणजे नट, त्यातही मुख्यतः रंगभूमीवरचा. शोकांतिकेत राजा झालेला नटही कोमेदियँच. नुसत्या हसवणाऱ्या नटाला फ्रेंचमध्ये ‘कोमिक’ म्हणतात. आपल्याकडे घोटाळा होतो तो इंग्रजी ‘कॉमेडियन’मुळे. सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ‘कोमेदी’ला जाणं म्हणजे नाटकाला जाणं, मग नाटक कुठलंही असो. चौदाव्या लुईच्या हुकमाने 1680 मध्ये कोमेदी फ्रांसेझ स्थापन झाली, तेव्हा 25 ऑगस्टच्या पहिल्याच प्रयोगाला नाटककार रासीनची ‘फेद्र’ होती, म्हणजे अस्सल शोकांतिका.

मोलिएरच्या बाबतीत तर ‘विनोदवीर’ हा शब्द फारच अन्याय करतो. राजाच्या पदरी गाद्या-पडद्यांचं काम करणाऱ्या सधन बापाचा हा मुलगा, खरं नाव झाँ-बाप्तिस्त पोक्लँ. 1643 मध्ये त्याने नटी मादलेन बेजार आणि इतरांसोबत नाटकमंडळी काढली. ती कर्जात बुडाली, 1645 मध्ये त्याला तुरुंगही पाहावा लागला. पुढची तेरा वर्षं गावोगावचे दौरे. 24 ऑक्टोबर 1658 रोजी लुव्र राजवाड्यात राजासमोर उभं राहायची संधी आली, तेव्हा मंडळीने आधी केली कोर्नेयची शोकांतिका ‘निकोमेद’. राजाला आवडलं मात्र नंतरचं छोटं प्रहसन.

तरीही शोकांतिकेतला नायक व्हायची त्याची ओढ सुटली नव्हती. चित्रकार मिन्यारने त्याला सीझरच्या वेषात, डोक्यावर विजयमाला घातलेला रंगवलं आहे. 1661 मध्ये त्याने स्वतःसाठी गंभीर नायक लिहिला, ‘दों गार्सी’. ते नाटक साफ पडलं. त्यानंतर ‘तार्त्युफ’मधला ऑर्गों, ‘ल मिझांत्रोप’मधला आल्सेस्त, ‘लाव्हार’मधला कंजूष आर्पागों या भूमिका त्याने लिहिल्या आणि स्वतःच केल्या. याच कंजुषावरून अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ आलं. आल्सेस्तला निव्वळ विनोदी भूमिका म्हणणं मला तरी जमणार नाही.

‘कोमेदियँ’ या शब्दाला तेव्हा काय भार होता, ते त्याच्या मृत्यूवरून कळतं. 17 फेब्रुवारी 1673 रोजी, स्वतःला उगाच आजारी समजणाऱ्या आर्गांची भूमिका करताना त्याची प्रकृती ढासळली आणि त्याच रात्री घरी त्याचा मृत्यू झाला, वय 51. मरण्याआधी धर्मगुरूसमोर पेशा सोडल्याची शपथ न घेणाऱ्या कोमेदियँला चर्च पवित्र भूमीत जागा देत नसे. हा नियम हसवणाऱ्यांना होता तसाच रडवणाऱ्यांनाही होता. पत्नी आर्मांद राजाकडे गेली, तेव्हा कुठे 21 तारखेला रात्री, गाजावाजा न करता, त्याला पुरण्याची परवानगी मिळाली.

म्हणून माझी सूचना ‘नट-नाटककार’. मंडळी चालवण्याचं कामही सांगायचं असेल, तर ‘नट, नाटककार आणि नाटकमंडळीचा प्रमुख’ असं लिहावं. कोमेदी फ्रांसेझ मात्र विशेषनाम आहे; ते तसंच ठेवावं आणि कंसात ‘फ्रान्सची राष्ट्रीय नाट्यसंस्था’ असं द्यावं.